ठेका कुणाचा, हिशेब कुणाचा

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी फिलिप्स नावाचा परगणा आहे. सगळा कापसाचा मुलूख. 1919 साली तिथल्या ईलेन गावाच्या परिसरात बटईने जमीन कसणाऱ्या काळ्या शेतकऱ्यांनी संघटना बांधली. मागणी साधी होती. कापूस जमीनदार विकणार, वही त्याच्याच हातात, बियाण्याचे आणि किराण्याचे पैसे तोच लिहिणार आणि वर्षाअखेर बाकी निघणार ती कुळाच्या नावावर. तेव्हा एकदा हिशेब दाखवा, एवढेच त्यांचे म्हणणे. 30 सप्टेंबरच्या रात्री एका चर्चमध्ये त्यांची सभा चालू असताना बाहेर गोळीबार झाला आणि पुढचे काही दिवस गोऱ्यांच्या टोळ्यांनी आणि मागून आलेल्या लष्कराने माणसे टिपली. पाच गोरे मेले, ते मोजले गेले. काळे किती मेले ते कुणी नीट मोजलेच नाही. इतिहासकार शंभरापासून कित्येक शेंपर्यंत आकडे देतात. फाशीची शिक्षा मात्र बाराजणांना झाली आणि बाराही काळे होते. सर्वोच्च न्यायालयाने 1923 साली हस्तक्षेप केला आणि अखेर ते वाचले.

या घटनेनंतर एकवीस वर्षांनी, 26 मे 1940 रोजी, त्याच ईलेनमध्ये एका गोऱ्या कापूस शेतकऱ्याच्या घरी मुलगा जन्मला. नाव मार्क लॅव्हन हेल्म. पुढे सोबत्यांनी सोयीसाठी त्याला 'लीव्हन' केले. रॉक संगीतात ड्रम वाजवता वाजवता गाणारे थोडेच झाले. त्यांतला हा मोठा माणूस. मी इतिहास शिकवतो. वर्गात पोरे बाकावर ठेका धरू लागली की डस्टर आपटणाऱ्यांपैकी मी एक. तरीही या माणसाच्या चरित्राकडे मी ओढला गेलो तो संगीतामुळे नव्हे, हिशेबाच्या प्रश्नामुळे. काळ्या शेतकऱ्यांनी जिवानिशी विचारलेला प्रश्न आणि या गोऱ्या वादकाने आयुष्यभर विचारलेला प्रश्न एकाच तोलाचे नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पण दोन्हींत वही दुसऱ्याच्या हातात आहे.

हेल्म कुटुंब टर्की स्क्रॅच नावाच्या वाडीत राहत होते. सहाव्या वर्षी लीव्हनने बिल मन्रोचे गाणे प्रत्यक्ष ऐकले. गावात तंबूतले खेळ येत. आपल्याकडच्या तमाशासारखेच; मुख्य खेळ संपला की उशिरा रात्री वेगळे तिकीट काढून थांबणाऱ्यांसाठी जरा मोकळाढाकळा खेळ व्हायचा, त्याला 'मिडनाइट रॅम्बल' म्हणत. हे नाव लक्षात ठेवावे, पुन्हा येणार आहे. जवळच्या हेलेना शहरातल्या केएफएफए रेडिओवर 1941 पासून पिठाच्या एका कंपनीच्या जाहिरातीसाठी 'किंग बिस्किट टाइम' हा कार्यक्रम होई. सनी बॉय विल्यमसन हार्मोनिका वाजवे, पेक कर्टिस ड्रमवर. दोघेही काळे. शेतकऱ्याचा हा गोरा पोरगा हेलेनाला जाऊन पेक कर्टिसचे हात बघत बसे. गोऱ्यांच्या शाळेत काळ्यांना प्रवेश नव्हता, पण लीव्हनची खरी शाळा काळ्यांकडेच भरली.

शाळा संपताच रॉनी हॉकिन्स या गायकाच्या ताफ्यात तो शिरला आणि कॅनडात टोरांटोला गेला. तिथे हळूहळू चार कॅनेडियन पोरे जमली: रॉबी रॉबर्टसन, रिक डॅन्को, रिचर्ड मॅन्युएल आणि गार्थ हडसन. हॉकिन्सला सोडल्यावर ताफ्याचे नाव झाले 'लीव्हन अँड द हॉक्स'. म्हणजे तेव्हा नावात ड्रमवालाच पुढे होता. 1965 साली बॉब डिलनने त्यांना साथीला घेतले. डिलनने लोकसंगीत सोडून विजेची गिटार हाती घेतली म्हणून श्रोते रोज हुर्यो करत. ती रोजची अवहेलना लीव्हनला सोसवेना. वर्ष संपण्याआधीच तो निघून गेला आणि मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरींवर मजुरीला लागला. 1967 च्या अखेरीस मित्रांनी बोलावून घेतले तेव्हा परतला.

मित्र तेव्हा न्यूयॉर्कच्या उत्तरेला वुडस्टॉकच्या बाजूला एका गुलाबी घरात राहत होते. या घराशी आपलाही एक धागा आहे. त्याच 1967 साली बंगालचे बाऊल गायक पूर्णदास आणि लक्ष्मणदास तिथे आले होते आणि त्यांची गाणी गार्थ हडसनने घराच्या तळघरात ध्वनिमुद्रित केली. फकिरी परंपरेतले हे गाणे अमेरिकन रॉकच्या तळघरात पोचले होते, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे?

1968 साली 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' ही तबकडी आली, 1969 साली दुसरी. आता ताफ्याचे नाव नुसते 'द बँड' होते. लीव्हनची बसण्याची एक तऱ्हा होती. मायक्रोफोन बाजूला, मान त्याच्याकडे वळवलेली, खांदा किंचित उचललेला, हात मात्र आपल्या कामात. दोन्ही हात आणि दोन्ही पाय चार वेगळी कामे करत असताना पाचवे काम गळ्याने करायचे. गाणारा ड्रमवाला पुष्कळदा एकाला सांभाळताना दुसरे बिघडवतो. लीव्हनचे तसे नव्हते. शब्द थोडा मागे रेंगाळला की ठेकाही त्याच्यासाठी थांबतो, असे ऐकताना वाटते. बोलणे, गाणे, वाजवणे, सगळे त्याच कापसाच्या मुलखाच्या बोलीत.

आणि इथेच भांडणाचे मूळ आहे. त्या मुलखाची माणसे, जागा, बोलण्याची ढब ताफ्यातल्या गाण्यांत उतरली. 'द वेट' या गाण्यात लीव्हनच्या गावाकडची ओळखीची बाई नावानिशी आहे. 'द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाउन' हे अमेरिकन यादवीत हरलेल्या दक्षिणेचे गाणे. ते लिहिण्याआधी आपण रॉबर्टसनला वुडस्टॉकच्या ग्रंथालयात नेले आणि त्या काळाचा इतिहास-भूगोल वाचायला लावले, असे लीव्हनने 1993 च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. दोन्ही गाण्यांवर गीतकार-संगीतकार म्हणून एकच नाव: रॉबर्टसन. कायदा असा की गाणे म्हणजे शब्द आणि चाल. ठेका, गाण्याची तऱ्हा, तालमीत पाचजणांनी केलेली घडण ही त्यात धरली जात नाही. 1971 साली जोन बाएझने डिक्सीचे गाणे पुन्हा गायले आणि ते अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोचले. त्याचे गीतकाराचे मानधन ज्याचे नाव त्यालाच. ड्रमवाल्याला त्यातले काही नाही.

रॉबर्टसनची बाजूही आहे. त्याचे म्हणणे असे की लिहायला रोज बसणारा मीच होतो. ते खोटे म्हणवत नाही. वही घेऊन बसणे हीसुद्धा मेहनतच. पण आपल्या कव्वालीच्या कॅसेटवर ढोलकवाल्याचे नाव शोधून पाहा, मग लीव्हनचा राग थोडा कळेल.

हरलेल्या दक्षिणेचे दुःख गाताना गुलामांच्या दुःखाला जागा कुठे, हा प्रश्न त्या गाण्याला नंतर विचारला गेला आणि तो रास्तच आहे. लीव्हनने 1976 नंतर ते गायले नाही. त्या वर्षी 25 नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत ताफ्याचा निरोपाचा कार्यक्रम झाला; मार्टिन स्कॉर्सेसीचा 'द लास्ट वॉल्ट्झ' हा चित्रपट त्याचाच. वेळ वाचवण्यासाठी मडी वॉटर्स या काळ्या बुजुर्ग गायकाला वगळण्याचे घाटत होते. तसे झाले तर मीही त्याच्याबरोबर जाईन, असे आपण बजावल्याचे लीव्हन सांगतो. मडी वॉटर्स गायला. पेक कर्टिसचे हात बघत बसलेल्या पोराकडून एवढी अपेक्षा होतीच.

पुढचा काळ पडझडीचा. 1986 साली मॅन्युएलने आत्महत्या केली. 1991 मध्ये लीव्हनचे घर जळाले. 1994 साली ताफ्याचा मोठा सन्मान झाला, पण रॉबर्टसनशेजारी उभे राहायला नको म्हणून हा गेला नाही. मग घशाचा कर्करोग. किरणोपचाराच्या अठ्ठावीस फेऱ्या झाल्या, जीव वाचला, आवाज गेला. गायचे नाही, फक्त वाजवायचे. डॅन्को 1999 मध्ये वारला. कर्ज एवढे की घर हातचे जाण्याची वेळ आली.

तेव्हा त्याला तंबूतला तो रात्रीचा खेळ आठवला. 2004 पासून वुडस्टॉकच्या आपल्या लाकडी कोठारात त्याने 'मिडनाइट रॅम्बल' सुरू केले. तिकीट काढून लोक घरीच येत. मुलगी एमी गायची, बाप वाजवायचा. हळूहळू आवाज परतला, चिरफाळलेला, पण परतला. 2007 च्या 'डर्ट फार्मर' या तबकडीत तो आईवडिलांकडून शिकलेली गाणी गायला. तिला ग्रॅमी मिळाले, त्यानंतरच्या दोन तबकड्यांनाही मिळाले. कर्ज फिटले. सत्तरीच्या उंबरठ्यावर माणूस घरच्या कोठारात बसून स्वतःची वही स्वतः लिहू लागला होता.

कर्करोग उलटला. एप्रिल 2012 मध्ये तो न्यूयॉर्कच्या रुग्णालयात अखेरच्या अवस्थेत असताना रॉबर्टसन भेटायला आला आणि उशाशी बसला. 19 एप्रिलला लीव्हन गेला. वुडस्टॉकच्या दफनभूमीत डॅन्कोच्या कबरीजवळ त्याला पुरले. रॉबर्टसन 2023 मध्ये गेला, गार्थ हडसन जानेवारी 2025 मध्ये. आता पाचांपैकी कुणी नाही. 'द वेट'च्या लेबलवर नाव अजून एकच आहे.