दोन महायुद्धे आणि महार पलटण : कोरेगाव स्तंभाच्या संदर्भात

पुण्याहून रांजणगावकडे जाताना वाटेत भीमेकाठी कोरेगावचा स्तंभ लागतो. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या 49 सैनिकांची नावे त्यावर कोरलेली असून त्यांपैकी 22 नावांच्या अंती महारांचा निदर्शक ‘नाक’ हा प्रत्यय आढळतो. तथापि ‘लढाऊ जमातीं’च्या सिद्धान्तामुळे 1890 च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकर व शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. परंतु दार उघडले ते युद्धाच्या निकडीने. 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर असताना, 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन स्थापन झाली. तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचाच स्तंभ होता. ही रेजिमेंट मात्र स्वातंत्र्यानंतरही टिकली. सैनिकांचे शौर्य दोन्ही वेळा तेच होते. 1941 मध्ये त्यांच्यामागे संघटित राजकीय आवाज उभा होता. ‘लढाऊ जमात’ ही जन्मसिद्ध गुणांची नव्हे, तर भरतीधोरणाची निर्मिती होती, असाच निष्कर्ष यावरून निघतो.