दिसणं आणि कळणं
मागच्या वेळी आपण राँटगेनपाशी, १८९५ सालाशी थांबलो होतो. क्ष-किरणांच्या फोटोत फुप्फुसातली बारीक गाठ बरगडीआड लपायची. हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅननं १९७१पासून शरीराचे काप दाखवले, आणि पुढे काही मिलिमीटरची गाठही दिसू लागली. पण दिसली म्हणजे कळली का?

अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या वा सोडलेल्या ५३ हजारांवर लोकांची चाचणी झाली. २०११चा निष्कर्ष असा, की साध्या एक्स-रेपेक्षा कमी मात्रेच्या सीटीमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. मात्र सीटीत संशयास्पद ठरलेल्यांपैकी ९६ टक्के वेळा कर्करोग नव्हताच! आपल्याकडे तर क्षयाचे जुने व्रणही गाठीसारखे दिसतात.

म्हणून आम्ही सांगतो, गाठ निघाली तर हाय खाऊ नका, दुर्लक्षही करू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा स्कॅन करा. ती वाढते की नाही, हे काळच सांगतो.