गाठीची चोळी

वऱ्हाडात नऊवारी लुगडं नेसणाऱ्या बायांच्या चोळीला ना काज होतं, ना बटण, ना हूक. पुढची दोन टोकं ओढून छातीखाली गाठ मारली, की चोळी बसली. गाठीच्या वर गळा आपसूक खोल राही आणि त्यावर पदर येई. आत वेगळं काही घालायची रीतच नव्हती. अंग झाकायचं आणि अंगाला आधार द्यायचा, ही दोन्ही कामं त्या एकेरी कापडाची. आज दुकानात ‘प्लंज’ म्हणून मिळणारी, मध्ये खोल उतरलेली बिनअस्तराची ब्रा पाहिली की मला तिच्यात ही चोळीच दिसते. नातं रक्ताचं नाही, पण कापडाला जी अडचण सोडवायची होती ती एकच.

शिवलेल्या चोळीचं मूळ शोधत गेलं तर वऱ्हाडच्या वेशीवर अजिंठा लागतो. तिथल्या सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे वऱ्हाडातलंच आजचं वाशीम. अजिंठ्याच्याच पहिल्या लेण्यातल्या महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी लांब बाह्यांची शिवलेली चोळी घालून नाचते आहे. राण्या मात्र दागिन्यांनी मढलेल्या आणि कमरेच्या वर उघड्याच दिसतात. म्हणजे पाचव्या शतकात शिवलेला कपडा मिरवण्याचा नव्हता, कामाचा होता. नाचायचं तर अंगाला धरून बसणारं काहीतरी हवंच. चोळी प्रतिष्ठित झाली ती नंतर.

मराठी मुलुखात चोळीचं कापड म्हणजे खण. त्याचं नावाजलेलं ठिकाण कर्नाटकातलं गुळेदगुड्ड. खणाचा पन्हा अरुंद, साधारण 31 इंच, दोन्ही कडांना काठ. एका खणात एक चोळी बसवायची आणि चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही, यात शिंप्याची परीक्षा. काठ बाहीच्या कडेला आणि खालच्या पट्टीला यायचा. काखेत चौकोनी किंवा तिकोनी तुकडा, म्हणजे हात वर केला तरी मुंढा काचत नाही. आणि छातीवर कटोरी. कापड आडवं-उभं ताणत नाही, पण उरेब धरलं की ताणतं. म्हणून तुकडे तिरपे जोडले, की सपाट कापडाला गोलाई येते. आकार यायचा तो केवळ शिवणीतून. अस्तर नाही, भर नाही, त्यामुळे शिंप्याची चूक लपायला जागाच नसे. मापही बाईच्या अंगावरून घेत नसत. ती जुनी चोळी पाठवायची, ‘मापाची’ म्हणून. अमरावती-अकोल्यात आजही ब्लाउज शिवायला टाकताना पिशवीत मापाचं ब्लाउज असतंच.

पण माप कितीही चुकलं तरी गाठ सांभाळून घ्यायची. अंग भरलं, गाठ थोडी सैल. वाळलं, थोडी आवळून. पहिलटकरणीला सुरुवातीच्या महिन्यांत गुपचूप चोळी देतात, तिला चोरचोळी म्हणतात. गावाला कळायच्या आधी घरच्या बायांनी तिचं बदलतं अंग ओळखल्याची ती खूण. पुढे लेकराला पाजायचं तर गाठ सोडली की झालं. याच चोळीची दुसरी बाजू काळी आहे. नवरा गेला की ब्राह्मण घरातल्या केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावर आलवण, म्हणजे तांबडं लुगडं, येई आणि चोळी जाई. आधाराची गरज नवऱ्याबरोबर संपते, असं कुठल्या शरीरशास्त्रात लिहिलंय?

वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून इथे ती ‘चोयी’. तिला बाजूला सारलं ते इथल्याच कापसाने, असं म्हणता येईल. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत इथल्या पांढऱ्या सोन्याला भाव आला. 1867 त रेल्वे नागपूरला पोचली आणि अकोला, खामगाव, अमरावतीच्या कापसाच्या गाठी मुंबईमार्गे विलायतेला निघाल्या. परत आलं ते गिरणीचं रुंद, स्वस्त कापड. हळूहळू पोलकं आलं, मग झंपर, मग ब्लाउज. बटणं आणि हूक आले, गाठ सुटली. ब्लाउजकडे उरलं फक्त झाकणं. आधाराचं काम आतल्या नव्या कपड्याकडे गेलं, आणि बाया त्याला ‘बॉडी’ म्हणू लागल्या.

गंमत अशी, की न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकबला 3 नोव्हेंबर 1914 ला ज्या ब्रेसिअरचं पेटंट मिळालं, तिचा पहिला नमुना होता दोन रेशमी हातरुमाल आणि एक फीत. बिनअस्तराचा आणि बांधायचा. आमच्या आज्यांना त्यात काही नवल वाटलं नसतं. कपाला ए, बी, सी, डी ही अक्षरं अमेरिकेत 1930 च्या दशकात लागली. आपल्याकडे नंबर आला, अक्षर मागे राहिलं. अजूनही काउंटरवर ‘चौतीस द्या’ एवढंच सांगतात. कप लहान पडला की छत्तीस घेतात. मग घेर सैल, पाठीमागची पट्टी वर सरकलेली आणि सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर.

बिनअस्तराची प्लंज ब्रा असला गोंधळ लगेच उघडा पाडते. तिच्यात दोन कपांमधला पूल आखूड आणि खाली असतो. तो छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. अधांतरी राहिला तर बहुधा कप लहान आहे. कापडाला सुरकुत्या पडल्या तर कप मोठा. काठावरून अंग बाहेर आलं तर लहान. स्पंजच्या ब्रात हे दिसत नाही, कारण स्पंज स्वतःचाच आकार धरून बसतो. म्हणून बरीच गिऱ्हाइकं स्पंजची मागतात आणि आपलं माप चुकतंय हे त्यांना वर्षानुवर्षं कळत नाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जातो. तिथे एकेरी सुती कपडाच शहाणपणाचा, हे सांगायला तज्ज्ञ कशाला पाहिजे?

लग्नसराईत मात्र उलटं चाललंय. बुटीकवाले ब्लाउजमध्येच कप शिवून देतात, म्हणजे आत ब्रा नको. झाकणं आणि आधार पुन्हा एका कपड्यात आले, पण अस्तर आणि स्पंज घेऊन. कटोरी कट अजून मागतात, त्याची शिलाई साध्यापेक्षा जास्त. पाठीवर नाडी असते, तिला लटकनं असतात, पण ती सोडली तरी ब्लाउज ढिलं होत नाही. ते आतल्या हुकांवर किंवा चेनवर बसलेलं असतं. मांडवात मिरवून झालं, जेवणाची पंगत उठली, की नवरीची मावशी पहिल्यांदा खोलीत जाऊन ते काढते आणि गाऊन घालून पंख्याखाली बसते.