मॅटरहॉर्नचे आरोहणमार्ग

मॅटरहॉर्न हे स्वित्झर्लंड–इटली सरहद्दीवरील आल्प्सचे शिखर. उंची ४,४७८ मी. इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर याचे १८६१–६३ मधील इटलीकडील नैर्ऋत्य धारेवरचे प्रयत्न निष्फळ ठरले. कारण त्या बाजूस खडकांचे थर बाहेर उतरते आहेत. स्वित्झर्लंडकडील बाजू दुरून सरळसोट भासते. तथापि तेथील थर आत कललेले असल्याने पायऱ्यांसारखा आधार मिळेल, हे त्याने ताडले. १४ जुलै १८६५ रोजी हर्न्ली या ईशान्य धारेने सात जण माथ्यावर पोहोचले. उतरताना एकाचा पाय घसरला व दोर तुटून चौघे मृत्यू पावले. तीनच दिवसांनी झां-आंत्वान कॅरेल याने इटलीकडील धार सर केली. पुढे त्स्मुट धार १८७९ मध्ये, फुर्गेन धार १९११ मध्ये व उत्तर कडा १९३१ मध्ये सर झाला. हर्न्ली हाच आजही सर्वाधिक वहिवाटीचा मार्ग आहे.