रोपदिवा, घरगुती

रोपदिवा, घरगुती : घरात बियांपासून रोपे तयार करताना उन्हाची उणीव भरून काढण्यासाठी, बाजारात मिळणाऱ्या साध्या एलईडी ट्यूब किंवा पट्ट्या जोडून बनवलेला दिवा. ‘ग्रो लाइट’ नावाने विकला जाणारा तयार दिवा आणि हा घरगुती दिवा यांच्या कामात फारसा फरक नसतो. किमतीत मात्र असतो.

या दिव्याची खरी गरज थंड देशांत. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात टोमॅटो-मिरचीची रोपे बाहेर लावण्याचा रूढ मुहूर्त म्हणजे मे महिन्यातील व्हिक्टोरिया डेची सुटी. त्याआधी लावलेले रोप एखाद्या रात्रीच्या हिमतुषाराने काळे पडू शकते. पण मिरची आणि वांग्याला बाहेर जाण्यापूर्वी आठ ते दहा आठवडे, टोमॅटोला सहा ते आठ आठवडे वाढावे लागते. म्हणजे पेरणी मार्चमध्ये, बाहेर बर्फ असताना. टोरांटो किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांत गावाकडच्या वांग्याचे किंवा मिरचीचे बी रुजवायचे, तर तळघरात किंवा खिडकीशी असा दिवा टांगण्यावाचून सोय नसते.

उजेडाच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबता येत नाही. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, तर खिडकीपासून चार-पाच फूट आत अनेकदा काही शेच लक्स. डोळा उजेडाशी जुळवून घेत असल्याने माणसाला दोन्हीकडे ‘चांगला उजेड’ वाटतो. रोपाला तशी सोय नाही. प्रकाश कमी पडला की ते सगळी शक्ती उंचीवर खर्च करते. खोड दोऱ्यासारखे बारीक होते, पहिल्या दोन दलांच्या खालचा भाग फिकट होऊन लांबतो, शेंडा खिडकीकडे वळतो आणि पाणी घालताच रोप आडवे होते. असे लांबलेले रोप पुन्हा ठेंगणे होत नाही. टोमॅटो मानेपर्यंत मातीत पुरून वाचवता येतो, कारण त्याच्या खोडाला मुळे फुटतात. बहुतेक भाज्यांना ही सवलत नाही.

वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. बाजारातले जांभळे दिवे ‘झाडाला फक्त लाल आणि निळाच रंग लागतो’ या समजावर खपतात. त्यामागे थोडा इतिहास आहे. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये लाल प्रकाश देणारा डायोड (एलईडी) बनवला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अंतराळात भाज्या पिकवण्याच्या खटाटोपातून अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात लाल डायोडखाली लेट्यूस वाढवण्याचे प्रयोग झाले. तेजस्वी निळा डायोड तेव्हा नव्हताच. निळा प्रकाश फ्लुरोसंट ट्यूबमधून द्यावा लागे, आणि ‘लाल-निळा’ ही जोडी रुजली ती इथूनच. तेजस्वी निळा डायोड १९९३ मध्ये शूजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत साध्य केला. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते निळ्या डायोडच्या कामासाठी. आजचा पांढरा एलईडी म्हणजे हाच निळा डायोड, वर पिवळसर फॉस्फरचा थर. त्यामुळे त्याच्या उजेडात निळा, हिरवा, लाल असे सारेच असते. संशोधक मॅक्री यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत हिरवा प्रकाशही प्रकाशसंश्लेषणाला बऱ्यापैकी उपयोगी ठरला होता. तात्पर्य, रोपांसाठी ४००० ते ६५०० केल्व्हिन रंगतापमानाची साधी पांढरी ट्यूब पुरते. तिच्यातील निळा अंश खोडाची लांबी आटोक्यात ठेवतो. जांभळ्या उजेडात पानांवरचा पिवळेपणा किंवा कीडही धड दिसत नाही, हा आणखी एक तोटा.

रंगापेक्षा प्रकाशाचे प्रमाण महत्त्वाचे, आणि घरगुती दिवे फसतात ते इथेच. रोपांना दर चौरस मीटरला दर सेकंदाला १०० ते ३०० मायक्रोमोल प्रकाश लागतो. पांढऱ्या एलईडीसाठी ७० लक्स म्हणजे अंदाजे १ मायक्रोमोल, असा ढोबळ हिशेब चालतो. चार फूट लांब, एक फूट रुंद फळी घेतली (तिच्यावर दोन प्रोट्रे, म्हणजे रोपांचे खणांचे ट्रे, एकापुढे एक बसतात), तर तिचे क्षेत्र सुमारे ०.३७ चौरस मीटर होते. २० वॅटची चार फुटी एलईडी ट्यूब साधारण २००० ल्यूमेन देते. दोन ट्यूबचे ४००० ल्यूमेन. त्यांतील सत्तर टक्के रोपांपर्यंत पोचले असे धरले, तर सुमारे ७६०० लक्स, म्हणजे १०८ मायक्रोमोल मिळतात. तीन ट्यूब लावल्या तर १६०च्या आसपास. सोळा तास दिवा चालू ठेवल्यास तीन ट्यूबमधून दिवसाला सुमारे सव्वानऊ मोल प्रकाश होतो आणि तेवढ्यावर भाजीचे रोप बुटके, जाड खोडाचे तयार होते. एकच ट्यूब लावून ‘दिवा लावला तरी रोपे लांबलीच’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. विजेचा खर्च ६० वॅट × १६ तास, म्हणजे रोज जवळजवळ एक युनिट.

बांधणी सोपी आहे. स्लॉटेड अँगलच्या रॅकला वरच्या फळीखाली तिन्ही ट्यूब समांतर बसवलेली लाकडी पट्टी दोन साखळ्यांनी टांगावी. एकेक कडी वर सरकवली की उंची बदलते. दिवा रोपांच्या शेंड्यांपासून १० ते १५ सेंटीमीटरवर असावा आणि रोपांबरोबर वर जावा. छताला कायमचा ठोकलेला दिवा निकामी समजावा. बाजूंना पांढरे पुठ्ठे उभे केले की काठाच्या रोपांची उपासमार थांबते. वेळ साध्या टायमरवर सोपवावी. बारा व्होल्टच्या चिकट एलईडी पट्ट्याही चालतात, पण त्या अॅल्युमिनियमच्या चॅनेलवर लावाव्यात, नाहीतर तापून लवकर मंदावतात. अॅडॅप्टरची क्षमताही गरजेपेक्षा पाव हिस्सा जास्त ठेवावी.

घरगुती दिव्यातला खरा धोका विजेचा, कारण खाली पाणी आणि वर वायर. एलईडी बल्बची पांढरी टोपी काढून उजेड वाढवण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती करू नये. अनेक स्वस्त बल्बांत डायोडची चकती मुख्य विजेपासून अलग केलेली नसते, त्यामुळे उघड्या चकतीला ओला हात लागला तर झटका बसतो. जोडण्या ट्रेच्या वरच्या पातळीवर, बंद डबीत असाव्यात, वायर खाली झोळ देऊन मग सॉकेटकडे न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी झोळातून गळून पडते. सॉकेटला आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. रोपांवर फवारा मारताना दिवा बंद करावा.

बी उगवेपर्यंत बहुतेक भाज्यांना उजेड लागत नाही. लागते ती ऊब. मिरचीला २५ ते ३० अंश सेल्सिअस. कोंब दिसताच त्याच दिवशी दिवा लावावा, कारण लांबणे सुरू होते ते पहिल्या दोन-तीन दिवसांतच. ट्रेमधले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सतत ओले राहिले आणि हवा कोंडली, तर रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. मंद पंखा आणि खालून पाणी देणे यांनी हे बरेचसे टळते. बाहेर लावण्याआधी आठवडाभर रोपांना रोज थोडे थोडे ऊन आणि वारा दाखवावा. घरात वाढलेले पान थेट उन्हात गेले की पांढरे पडून करपते.

महाराष्ट्रात रोपवाटिकांमध्ये शेडनेटखाली सूर्यप्रकाशातच रोपे तयार होतात. तेथे या दिव्याची गरज नाही. मुंबई-पुण्यात काच लावून बंद केलेल्या गॅलरीत किंवा ऊन न येणाऱ्या सदनिकेत तो उपयोगी पडतो. मात्र पावसाळी ढगाळ आकाशाखालीही उघड्यावर बहुधा दहा-वीस हजार लक्स उजेड असतो, म्हणजे वरच्या तीन ट्यूबइतका किंवा त्याहून जास्त. गच्ची किंवा मोकळी गॅलरी असलेल्याने हा दिवा करू नये. ट्रे बाहेर ठेवून वर पावसाच्या माऱ्यापुरता पारदर्शक पत्रा घालावा.