उस्ताद दाऊदची सुरी

हत्यार लढाईसाठी घडते, तसे ते हौसेसाठीही घडते. अशा हौसेच्या हत्यारांपैकी एका सुरीने माझ्या मनात कायमचे घर केले आहे. जहांगीर बादशहाने इ. स. १६२१ मध्ये ती मुद्दाम घडवून घेतली. १९५५ साली ती अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहालयात दाखल झाली. मी तिचे छायाचित्र तेवढे पाहिले आहे. सगळी मिळून लांबी सुमारे २६ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी अधिक. सोन्याचे जडावकाम आहे, सोन्याच्या अक्षरांतला फारसी लेख आहे. पण माझे मन गुंतले ते सोन्यात नव्हे, लोखंडात. ते लोखंड आकाशातून पडलेले आहे!

ही कथा खुद्द बादशहानेच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. १६२१ च्या एप्रिल महिन्यात, एके दिवशी सकाळी, पंजाबातील जालंधर परगण्यातल्या एका गावी पूर्वेकडून भयंकर गडगडाट ऐकू आला. लोक भयाने अर्धमेले झाले. तेवढ्यात एक तेजाचा लोळ जमिनीवर उतरला. परगण्याचा अंमलदार महंमद सईद घोड्यावर बसून तिथे गेला. पाहतो तो दहा-बारा गज लांबरुंद जमीन अशी करपलेली, की गवताची काडी शिल्लक नाही. त्याने खणायला लावले. जो जो खोल जावे, तो तो ऊन अधिक. शेवटी भट्टीतून नुकताच काढल्यासारखा लोखंडाचा तुकडा हाती लागला. तो निवल्यावर अंमलदाराने पिशवीत घातला, मोहोर केली आणि दरबारी रवाना केला.

या हकीकतीतला तापलेला गोळा आजच्या ज्ञानाशी नीट जुळत नाही. उल्का वातावरणातून येते तेव्हा तिचा वरचा पापुद्रा तेवढा जळतो. आतला गाभा थंडच राहतो. अंमलदाराने थोडे तिखटमीठ लावले असेल. पण बादशहाने काय केले ते पाहा. त्याने तुकडा आपल्यासमोर तोलवला. वजन भरले १६० तोळे, आजच्या मापाने दोन किलोला थोडे कमी. गाव, वेळ, वजन, सारे त्याने टिपून ठेवले. तो या लोखंडाला विजेचे लोखंड समजत होता, हे खरे. पण आकाशातून दगडधोंडे पडतात ही गोष्ट युरोपातले पंडित पुढे पावणेदोनशे वर्षे हसण्यावारी नेत होते. १७९४ मध्ये क्लाडनीने पुस्तक लिहिले आणि १८०३ मध्ये फ्रान्समधील लेग्ल गावावर भर दुपारी दगडांचा पाऊस पडला, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

मग बादशहाने उस्ताद दाऊदला बोलावले आणि फर्मावले, की याची एक तलवार, एक खंजीर आणि एक सुरी करून आण.

येथपर्यंत गोष्ट राजाची आहे. येथून पुढे ती लोहाराची होते. दाऊदने लोखंड भट्टीत घातले, ऐरणीवर ठेवले आणि घण मारला. लोखंड फुटून तुकडे झाले! आपण त्याच्या जागी आहोत अशी क्षणभर कल्पना करावी. समोर हिंदुस्थानचा बादशहा, हातात आकाशातून आलेली एकुलती एक वस्तू, आणि तिचे झालेले तुकडे. एखाद्या भित्र्या कारागिराने साधे पोलाद घडवून “हेच ते” म्हणून खपवले असते. पाते एकदा तयार झाले, त्याला पाणी चढले, वर सोने जडले, की आतले लोखंड कुठले हे कोण ओळखणार? दाऊदने तसे केले नाही. हे लोखंड घणाखाली टिकत नाही, असे त्याने बादशहाला सरळ सांगितले.

त्याचे कारण आज सांगता येते. उल्कांच्या लोखंडात निकेल असते. त्याने काही बिघडत नाही. पण त्याच्याबरोबर गंधक आणि स्फुरदही अनेकदा असतात. गंधकाने लोखंड तापल्यावर ठिसूळ होते, स्फुरदाने थंड असताना. दाऊदला ही नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला घणाखालचा आवाज कळत होता.

बादशहा रागावला नाही. त्याने सांगितले, असे असेल तर दुसरे लोखंड मिसळ. मग तीन भाग आकाशाचे आणि एक भाग जमिनीचे, असे मिश्रण करून दाऊदने दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी घडवली. तलवारींची बादशहासमोर परीक्षा झाली. त्या उत्तम चालल्या. त्याने त्यांना नावे दिली, आणि एका दरबारी कवीने या प्रसंगावर कविताही रचली. या चारांतली आज ठाऊक असलेली वस्तू म्हणजे ही सुरी.

त्याच साली इकडे दक्षिणेत शाहजादा खुर्रम मलिक अंबराशी झुंजत होता. वर्षभरातच तो बापाविरुद्ध उठला. जहांगीरची प्रकृती इतकी ढासळली, की पुढे आत्मचरित्राची लेखणीही त्याने मुतमद खानाच्या हाती दिली. म्हणजे ही नोंद त्याच्या अखेरच्या काही नोंदींतली. व्यसनी, लहरी, प्रसंगी क्रूर असा हा बादशहा. पण कारागिराचा हात ओळखण्याची दृष्टी त्याच्यापाशी होती. चित्र पाहून ते कुणी काढले हे आपण सांगू शकतो, चेहरा एकाचा आणि भुवई दुसऱ्याची असली तरी ओळखतो, अशी बढाई त्याने मारली आहे. त्याच दृष्टीने त्याने लोहाराचे नाव लिहून ठेवले.

याचे मोल केवढे, ते इजिप्तकडे पाहिले म्हणजे कळते. तुतनखामेन राजाच्या शवावर सापडलेला लोखंडी खंजीरही उल्केच्या लोखंडाचा असल्याचे २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. राजाचे नाव जगाला पाठ आहे. खंजीर घडवणाऱ्याचे नाव मात्र कुणालाही माहीत नाही.

आणि इजिप्तपर्यंत तरी कशाला जायचे? दिवाळीसाठी माळ्यावरून काढलेली आपली तांब्यापितळेची भांडी पाहावीत. त्यांवर नाव कोरलेले असते ते देणाऱ्याचे. सोबत तिथी, वार, क्वचित गावही. ठोके घालून ते भांडे उभे करणाऱ्या तांबटाचे नाव त्यावर शोधून सापडायचे नाही. ज्या विळीवर आपण नारळ खवतो, तिला धार देणारा लोहार गावाचा बलुतेदार होता. वर्षाला सुपभर धान्य त्याला मिळाले, नावाची आठवण मिळाली नाही.

वॉशिंग्टनच्या त्या सुरीवर जहांगीरचे नाव सोन्यात आहे. दाऊदचे नाव आपल्याला कळते ते बादशहाने लिहिलेल्या दोन ओळींमुळे. मला ते सोने फिके वाटते. “हे माझ्याच्याने असे होणार नाही,” हे सत्तेला सांगणारा एक लोहार आणि ते ऐकून घेणारा एक राजा, अशी दोन माणसे एका ऐरणीपाशी भेटली, म्हणून आकाशातले लोखंड चारशे वर्षे टिकले. एरवी त्याचा नुसता चुरा उरला असता.