मोडी दफ्तरापासून डिस्क-प्रतिमेपर्यंत : इंदापूर-बारामती परिसरातील संगणकीय साधनांच्या जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :
महसूल इतिहासात इंदापूर तालुक्याचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रिंगल यांची आकारणी अपयशी ठरल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ मध्ये येथूनच नव्या मोजणीस प्रारंभ केला. ३० वर्षांसाठी आकार कायम करणारी ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात रूढ झाली. त्या काळातील मोडी कागद आज वाचता येतात, कारण कागद टिकला आणि मोडीचे जाणकारही उरले. संगणकाच्या आरंभकाळातील दफ्तराबाबत असे म्हणता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
१९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने भूमिअभिलेख संगणकीकरणाची योजना सुरू केली. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवर देवनागरी लेखन शक्य झाले. १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक ठरली. बारामती-इंदापूर परिसरातील सहकारी संस्था वा साखर कारखान्यांच्या कपाटांत त्या काळातील फ्लॉपी आढळल्यास त्या वाचण्यासाठी एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारी आज्ञावली, उपयोगी पडते.

तिच्यासाठी साठवणुकीचे दोन पर्याय संभवतात. पहिला, फाइली एका फोल्डरमध्ये उतरवून तोच ड्राइव्ह म्हणून देणे. डॉसबॉक्समध्ये ही सोय आहे. मात्र पुसलेल्या नोंदींचे अवशेष व डिस्कची मूळ रचना यात हरवते. दुसरा, संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणे. १.४४ एमबी फ्लॉपीवरील ५१२ बाइटचे २,८८० सेक्टर जसेच्या तसे उतरल्याने फॅट रचनेसह सर्व काही टिकते. हार्ड डिस्कसाठी गरजेनुसार वाढणारी प्रतिमा जागा वाचवते, परंतु ती विशिष्ट आज्ञावलीच्या स्वरूपावर अवलंबून राहते. म्हणून जतनासाठी साधी, असंकुचित प्रतिमा श्रेयस्कर होय. मूळ प्रतिमा केवळ वाचनापुरती खुली ठेवून एम्युलेटरचे लेखन स्वतंत्र फाइलमध्ये घ्यावे. फॅट३२ डिस्कवर ४ जीबी वा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

तथापि, सर्वसाधारण एम्युलेटरमध्ये जिस्ट कार्ड नसते. परिणामी फाइल उघडते, पण देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. त्यासाठी इस्कीचे युनिकोडमध्ये रूपांतर आवश्यक ठरते. मोडीचे लिप्यंतर झाले म्हणून मूळ कागद टाकून देत नाहीत; तोच न्याय येथेही लागू होतो.

निष्कर्ष :
वाचन पुढे करता येईल; परंतु फ्लॉपीवरील चुंबकीय नोंद कालांतराने क्षीण होते. म्हणून प्रतिमा आधी घ्यावी. महाविद्यालयांतील इतिहास व संगणकशास्त्र विभागांनी हे कार्य संयुक्तपणे हाती घ्यावे. अन्यथा १८३५ चे इंदापूर वाचता येईल, पण १९९० चे मात्र वाचता येणार नाही.